खुणेच्या पलीकडे

मागच्या महिन्यात ती रेकॉर्ड पुन्हा छापून बाजारात आली आणि मी मूर्खपणाने विकत घेतली. थ्रॅश मेटल, म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत नुसती आदळआपट. पण सुरुवातीला मिनिटभर एकटी गिटार वाजते, अगदी हलकी. तेवढी ऐकली आणि सुई उचलून ठेवली. पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

ही रेकॉर्ड माझ्या माथी मारली वसंतनानांनी. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते आणि मी स्टोअरकीपर. चालू मशीनच्या बेअरिंगवर ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "मशीन पहिले बोलस, मंग मोडस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उद्या काय मोडणार ते आज सांगायचे आणि वर ऐटीत तंबाखू मळायचे.

रेकॉर्ड त्यांना जळगावच्या जुन्या बाजारात सापडली होती. इंग्रजीचा गंध नाही, पण गिटार संपून ड्रमचा दणदणाट सुरू झाला की मांडीवर थाप मारायचे. "हाई गानं नही शे भाऊ, आपलं जिन शे. बठ्ठा पट्टा एकदम फिरी ऱ्हायनात." जिनचे सगळे पट्टे एकदम फिरले की खरंच असाच आवाज व्हायचा.

एका हंगामात मी पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आता कानामागे नव्हती, दातांत होती. विचारलं तर आधी चिडले. मग हळूच म्हणाले, "कान गयात त मी कपाशी लोटाले जासू." ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीनवर ठेवत नसत, कापूस लोटायच्या हमालीला धाडत. तसा नियमच होता, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होता.

मग त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली. घरच्या रेकॉर्ड प्लेअरच्या आवाजाच्या बटणाजवळ लाल रंगाची खूण केली. दर रविवारी दुपारी ते डोळे मिटून बसायचे, मी बटण खुणेवर ठेवून सुई टेकवायचो. हलकी गिटार ऐकू आली की ते बोट वर करायचे. "अजून फिटर शे मी," म्हणायचे. आत त्यांची बायको, अक्का, भाकरी थापत असायची.

त्या रविवारी गिटार सुरू झाली आणि बोट वर झालं नाही. अर्धी गिटार वाजून गेली. कपाळावर आठ्या घालून त्यांनी विचारलं, "लागनी का सुई?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "नाही, धूळ आहे, पुसतो," असं मी मोठ्याने म्हणालो. बटण खुणेच्या पार पुढे फिरवलं आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. बोट वर गेलं. "उनं," नाना म्हणाले. "बठ्ठं ऐकू उनं." इतकं निवांत हसताना मी त्यांना त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

बुधवारी मोठ्या पट्ट्याचा सांधा उसवायला लागला. फटफट आवाज अख्ख्या शेडला ऐकू येत होता. नाना त्याच्याकडे पाठ करून बेअरिंगवर वाकले होते. मी चार हातांवरून ओरडलो, "नाना, मागे पट्टा." ते वळले नाहीत. पट्टा तुटला आणि त्यांच्या मानेवर बसला. जळगावला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नशीब, असं लोक म्हणाले. नशीब कसलं, बोडख्याचं.

दहाव्यानंतर मी अक्काकडे गेलो. कबूल करायचं म्हणूनच गेलो होतो. पण आधी तीच बोलली.

"त्या दिन मांडनीवरना ताटं वाजनात. तू आवाज वाढायेल व्हता ना, भाऊ?"

मी होकाराची मान हलवली. आता ती मला शिव्या देईल, हाकलून देईल, असं वाटलं. तेच हवं होतं मला.

"माले तव्हयच समजनं," अक्का म्हणाली. "तुना नाना खूश दिसनात म्हनीसन मी बी काही बोलनू नही."