पेशकारांची आंघोळ

"चालू द्या, चालू द्या," असं म्हणत पेशकार गुंडेराव आमच्या लेबर रूमच्या दारावरून पुढे गेले. काखेत फायली, हातात छत्री. जणू त्यांना पाहून आम्ही उठून उभ्या राहिलो होतो आणि ते आम्हाला बसायला सांगत होते. मी खाटेवर आडव्या झालेल्या भागूचं पोट तपासत होते. त्या बिचारीने लाजेने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

निजामाचं राज्य होतं. मी मूळची उदगीरची. नर्सचं शिक्षण हैदराबादला झालं आणि नेमणूक मिळाली गुलबर्गा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण पेशकारांची नातवंडं अजून तिथेच आहेत आणि चांगली माणसं आहेत. पेशकार म्हणजे तहसील कचेरीतला वरचा कारकून. तहसीलदार बदलत, पेशकार बदलत नसत.

दवाखाना आणि कचेरी एकाच आवारात, पाठीला पाठ लावून. मधे आमचा मागचा व्हरांडा. त्याच्या एका अंगाला खोल्या, दुसऱ्या अंगाला जुनी उंच भिंत, म्हणजे बोळच. बाजारातून कचेरीत जायचा खरा रस्ता तळ्याला वळसा घालून होता. तेवढं चालतो कोण? सगळा तालुका आमच्या बोळातून जायचा. आणि लेबर रूम, म्हणजे बाळंतपणाची खोली, त्याच बोळात होती. तिला खिडकी नव्हती, त्यामुळे उजेडासाठी दार उघडं ठेवावं लागे. कळा सुरू झालेल्या बाईला येरझाऱ्या घालायला हव्यात, तर त्याही तिथेच.

दारात मी माझं जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलं होतं. लोक ते बाजूला सारून आत डोकावायचे आणि विचारायचे, "अक्का, पेशकारसाहेब आलेत का?" एकाने तर जाता जाता त्याला हात पुसले.

बोळाच्या कचेरीकडच्या तोंडाला भिंत घालावी म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी अनेकदा वर लिहिलं. डॉक्टर भला माणूस, पण पेन्शनीला टेकलेला आणि कचेरीला भिणारा. उत्तर ठरलेलं यायचं, मंजुरी नाही. त्याच वेळी कचेरीच्या तबेल्याला भिंत मंजूर झाली होती. तिचे दगड आवारात येऊन पडले होते आणि गवंडीही आले होते. घोड्यांना आडोसा मिळणार होता, हे पाहून माझं डोकं फिरायचं.

याचा परिणाम असा की बायका दवाखान्यात येतच नसत. घरी अडायच्या, आणि अगदी गळ्याशी आलं की गाडीत घालून आणल्या जायच्या. तोवर माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसायचं.

भागू मात्र कळा सुरू व्हायच्या आधीच आली होती, आणि त्याला कारण होतं. ती निंबर्ग्याची. तिचं पहिलं मूल पायाळू होतं, म्हणजे पोटात डोकं वर आणि पाय खाली. असं मूल येताना शेवटी डोकं अडकतं. तिचं अडकलं आणि गेलं. या खेपेलाही मूल पायाळूच होतं. तिची सासू काशीबाई शहाणी. गावच्या सुईणीने हात टेकताच तिने गाडी जुंपली आणि सुनेला घेऊन माझ्याकडे आली.

आता पेशकार "चालू द्या" म्हणून गेले तेव्हा हीच काशीबाई उठून उभी राहिली.

"अक्का, आमी जायलोत," ती म्हणाली.

"कामून?"

"हितं रस्त्यात बाळंत व्हायचं का लेकरानं? गडी माणसं येऊन बघून जायलीत. काय व्हायचं ते घरी होईल."

"घरी काय झालं होतं, विसरलाव का?"

भागू तोंडातून पदर काढून एवढंच बोलली, "अक्का, कुणी गेलं की माझं अंग आखडतंया. मला कळ द्यायला येणार न्हाई."

ती बरोबर बोलत होती. पायाळू बाळंतपणात मूल ओढायचं नसतं. ते आपल्या आपण अर्धं बाहेर येऊ द्यायचं, आणि शेवटी डोक्याला हात द्यायचा. त्या वेळी आईने अंग सैल सोडून जोर दिला पाहिजे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या धाकाने तिने अंग चोरलं तर माझं सगळं शिक्षण तिथे फुकट.

"उद्या सांजच्यापर्यंत थांबा," मी काशीबाईला म्हटलं. "रस्ता बंद करते." कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

काशीबाई कशीबशी थांबली. पण थांबली ती स्वतःच्या रीतीने. तिने खोलीच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा बांधला, उंबऱ्याशी विस्तवाची शेगडी मांडली आणि गोमूत्राचा तांब्या ठेवला. बाळंतिणीच्या खोलीची ही आमच्याकडची खूण. आत जाऊन आलेल्याला विटाळ लागतो. त्याने न्हायचं, मगच घरात कशाला हात लावायचा.

दुपारी पेशकार परत जाताना मी सहज पाहत होते. माझ्या लुगड्याकडे या माणसाने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण डहाळा दिसताच त्यांनी धोतर आवरलं आणि पलीकडच्या भिंतीला खेटून, अंग तिरकं करून, दारासमोरून गेले.

मी काशीबाईला विचारलं, "हा डहाळा बोळाच्या तोंडाला बांधला तर चालेल का? दोन्ही तोंडांना?"

"मग सगळा बोळच बाळंतिणीची खोली झाला की," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून कडुलिंबाकडे निघाली.

डॉक्टरसाहेब कासावीस झाले. "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. हे विटाळ-बिटाळ तुम्ही मानता?"

"मी बाळंतपण करून हात धुते आणि जेवायला बसते, साहेब. तुम्ही पाहता. पण कचेरी मानते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूला कळा सुरू झाल्या. आणि नेहमीच्या वेळेला गुंडेराव नेहमीसारखे आले. खोलीच्या चौकटीचा डहाळा काशीबाईने सोडून बोळाच्या तोंडाला नेला होता, त्यामुळे बोळाच्या तोंडावरच्या डहाळ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. "चालू द्या" म्हणाले, पार गेले, कचेरीत शिरले आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर फायली वाटल्या. ते सगळं होऊ देऊन काशीबाई कचेरीच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. शेतात गुरं हाकून कमावलेला तिचा आवाज.

"ओ पेशकारसाहेब! बाळंतिणीच्या खोलीतून आलाव तुम्ही. न्हावा आधी!"

"कुठली खोली? मी बोळातून आलोय."

"तीच खोली हाय. दोन्हीकडं डहाळा हाय बगा. कळा द्यायलीय सून माझी."

"अजून बाळंत कुठं झालीय?"

"ती काय तुम्हाला इचारून होईल?"

थोड्या वेळाने आमची आया हुसेनबी बाहेर पाहून आली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता. "अक्का, पूरी कचेरी न्हाने को गई."

झालं असं की पेशकारांनी ज्याला फाइल दिली तो विटाळला, आणि त्याने जिच्यावर हात ठेवला ती फाइल विटाळली. थंडीचे दिवस. माणसं कुडकुडत घरोघर आंघोळीला पळाली. शिवप्पा नावाचे एक लिंगायत कारकून होते. ते म्हणाले, "आम्हाला सुतक न्हाई, मी बसतो." मग त्यांना घरी आई आहे हे आठवलं, आणि तेही उठले. मागे उरले एकटे मुन्शी रहीमसाहेब. ते पान खात मजा बघत बसले.

फायलींना आंघोळ घालता येत नाही. म्हणून पेशकारांनी जाता जाता त्यांच्यावर गोमूत्र शिंपडायला सांगितलं. शिंपडणाऱ्याचा हात सढळ होता.

तहसीलदारसाहेब हैदराबाद शहरातले, नवीन आलेले. सहीसाठी फाइल उघडली आणि नाकाला रुमाल लावला.

"मुन्शीजी, ये बू किस चीज की है?"

"हुजूर, गाय की," रहीमसाहेब म्हणाले.

मग बोलावणं आलं. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हुसेनबीला भागूजवळ बसवून मी कचेरीत गेले. नोकरी जाते की राहते, हा विचार मनात होताच, पण जीव खोलीत अडकला होता.

"आप तो पढी-लिखी हैं," तहसीलदार म्हणाले. "वो डालियां निकालिए."

"काढते, हुजूर. त्यांच्या जागी भिंत द्या."

"मंजुरी नहीं है."

"हुजूर, तुमच्या घरी बाळंतपण असलं तर पेशकारसाहेब जनान्यातून जातात का?"

मुन्शींनी पान चघळायचं थांबवलं. तेवढ्यात मागून गुंडेराव आले. केस ओले, दात वाजत होते. पुन्हा बोळातून जायचं नाही म्हणून तळ्याला वळसा घालून आले होते, त्यामुळे धापही लागलेली.

"हुजूर, भिंतच घाला," ते म्हणाले. "ह्या दवाखान्यात आज एक बाई आली, उद्या दुसरी येईल. मी रोज किती न्हाऊ? तबेल्याचे दगड पडलेत, गवंडी बसलेत. घोडी थांबतील."

"लेकिन लिखूं क्या? किस वास्ते?"

"कचेरीच्या संरक्षणासाठी," पेशकार म्हणाले.

आणि ते मंजूर झालं. बायांच्या अब्रूसाठी जी भिंत इतकी वर्षं झाली नाही, ती जेवणाच्या सुट्टीनंतर चढायला लागली. गवंडी डहाळा ओलांडून आत यायला तयार नव्हते, म्हणून ती कचेरीच्याच अंगाने बांधली गेली. गुंडेराव लांब उभे राहून "उंच घ्या, आणखी उंच घ्या" म्हणत होते.

इकडे भागू बोळात येरझाऱ्या घालत होती. भिंत कमरेएवढी झाली तशी तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. खांद्याच्या वर गेली तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने ओरडली. पलीकडे गवंड्याच्या थापीचा आवाज थांबला. काशीबाई म्हणाली, "काम करा की, बाबांनो," आणि तो पुन्हा सुरू झाला.

मी भागूला विचारलं, "खाटेवर येतेस का?" तिला ते नको होतं. ती सासूच्या गळ्यात हात टाकून उकिडवी बसली. हात लावायच्या आधी मी तिला प्रत्येक वेळी सांगत होते. पाय आले, अंग आलं, आणि डोकं अडकलं. "भागू, आता अंग सोड. कुणी न्हाई इथं. आपणच हाव," मी म्हटलं. तिने सोडलं. मी बाळाच्या तोंडात बोट घालून मान वाकवली आणि मुलगी बाहेर आली.

ती लगेच रडली नाही. मी पाठ चोळत होते आणि देवाचं नाव घेत होते. मग ती रडली, आणि मीही रडले. ड्यूटीवर असताना रडू नये असं आम्हाला शिकवलेलं होतं.

भिंत झाल्याची खबर गावोगाव गेली. बायका वेळेवर येऊ लागल्या. पुढे खुद्द गुंडेरावांची लेक पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आली. गुंडेराव तळ्याला वळसा घालून दवाखान्याच्या पुढच्या दारात उभे राहिले आणि तिथूनच विचारलं, "अक्का, आत येऊ का?" असं विचारणारा तालुक्यातला तो पहिला पुरुष.

"येऊ नका. न्हावं लागेल," मी म्हटलं.

"न्हाईन की. धा वेळा न्हाईन. लेक कशी हाय ते सांगा आधी."

लेक चांगली होती.

त्यानंतर माझ्या बदल्या पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही मागावं लागलंच. कुठे पडदा, कुठे दिवा, कुठे मोरी. अर्जात बायांना किती त्रास होतो ते मी पुन्हा कधी लिहिलं नाही. साहेबांना किती होईल, तेवढंच लिहीत गेले.