डाव्या बाहीची दुहेरी शिवण

घड्याळजींचा डावा हात जन्मापासूनच कोपराखाली चार बोटं अंतरावर संपतो; पुढे पंजा नाही. त्या टोकाखाली घड्याळ दाबून धरायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि उजव्या हातातल्या चिमट्यानं काटे बसवायचे, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. नेमका तिथंच शर्ट घासून विरतो. म्हणून शिवणकाम करणारी त्यांची थोरली बहीण, अक्का, डावी बाही मुळातच आखूड कापते आणि कडेला दुहेरी शिवण घालते.

भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलेल्या चित्रकार बाईंनी एकदा विचारलं, "तुमचं चित्र काढू? कारागिरांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे." घड्याळजी लाजले, पण हो म्हणाले. तीन रविवार ते बाईंच्या खोलीत खिडकीशी बसले.

चौथ्या रविवारी अक्काही सोबत आली. चेहरा हुबेहूब उतरला होता. घड्याळ मात्र पाच बोटांच्या धडधाकट डाव्या हातात होतं.

घड्याळजींनी चित्रातला हात पाहिला, मग आपली आखूड बाही. बाईंनी इतक्या आपुलकीनं काढलेलं. बोलायचं कोणत्या तोंडानं? "छान आहे," ते म्हणाले.

"छान काय, कपाळ!" अक्कानं कमरेवर हात ठेवले. "स्थळाला पाठवायचा फोटो आहे का हा? आणि हा शर्ट मी शिवलेलाच नाही."

बाई ओशाळल्या. "मला वाटलं, असं काढलं तर तुम्हाला बरं वाटेल."

आता घड्याळजींना कंठ फुटला. "बाई, घड्याळ असं धरलं तर काटा बसायचा नाही. बोटं थरथरतात. माझा हा हात थरथरत नाही. चित्र बघून लोक म्हणतील, याला काम येत नाही."

बाईंनी पातं घेतलं आणि त्या हाताचा ओला रंग खरवडून टाकला. घड्याळजी पुन्हा बसले. दुकानात गिऱ्हाइकं त्यांच्या त्या हाताकडे बघायची आणि लगेच नजर वळवायची. बाई डोळे बारीक करून, ब्रशच्या दांडीनं माप घेत, तासभर तिथंच बघत राहिल्या. घड्याळजींचे आखडलेले खांदे हळूहळू सैल झाले.

शेवटी बाहीची कड आली. अक्का पुढे वाकली. "दुहेरी आहे हं, बाई. एका रेघेवर भागवू नका."

"अक्का," घड्याळजी म्हणाले, "इतके शर्ट शिवलेस, मी तुला कधी साधं..."

"गप बस. मान हलतेय तुझी."

ते हलले नाहीत. बाईंनी दुसरी रेघ ओढली.