मायाक्काच्या पाठीवरचा खो

मायाक्का बंडगर ही सोलापूर डेपोतली कंडक्टर. तिकिटासाठी ती एकदाच हाक मारते. दुसऱ्यांदा मारायची वेळ अजून कुणा प्रवाशाने आणलेली नाही. अशा बाईने आयुष्यात एकही निर्णय स्वतःहून घेतलेला नाही, असं सांगितलं तर लोक मलाच गाडीतून उतरवतील. पण मी तिच्याच वर्गात होतो. खो मिळेपर्यंत ती उठत नाही.

खो द्यायचे ते चनमल्लप्पा सर. आमच्या कॉलेजचे खो-खोचे कोच, अक्कलकोटकडचे. रागावले की कानडीत, खूश झाले की गप्प. आम्ही पहिल्या वर्षाला असताना एक बकरी ऑफिसात शिरली. हेडक्लार्क टेबलावर चढले, दोघे शिपाई बकरीच्या आधी बाहेर पळाले. फॉर्म घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मायाक्काने, मेंढपाळाच्या पोरीने, दोन हुलकावण्यांत बकरी धरली. सर ओरडले, "उद्यापासून मैदानावर ये!" हे नक्की कुणाला म्हणाले, यावर ऑफिसात आठवडाभर मतभेद होते.

मायाक्का तेव्हा कुणाशी बोलत नसे. गावाकडे तिचं लग्न ठरत आलं होतं. सरांनी तिला मुलींच्या रांगेत बसवलं आणि म्हणाले, "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. मिळाला की थांबायचं नाही." आणि मागून पाठीवर तळवा मारला. ती थाप म्हणजे सरांची सगळी शाबासकी. त्या थापेवर ती राज्य स्पर्धा खेळली, लग्न पुढे ढकलून बी.ए. झाली, कंडक्टरच्या भरतीला उभी राहिली. दरवेळी घाबरून बसायची, सर मागून यायचे, थाप पडायची आणि ही उठायची.

गेल्या डिसेंबरात सर वारले. मायाक्का रडली नाही. "आता मला कोण उठवणार?" एवढंच म्हणाली.

एप्रिलमध्ये तिची गाडी वैरागच्या स्टँडवर उभी होती. भर दुपार, गाडी रिकामी, ड्रायव्हर बिरप्पा चहाला गेलेला. बढतीच्या परीक्षेचा अर्ज मांडीवर घेऊन ती बसली होती. भरावा की फाडावा? तेवढ्यात पाठीवर थाप बसली. जड, पुऱ्या तळव्याची. ती ताडकन उठली. मागे सगळी बाकं रिकामी, दार बंद.

बिरप्पा आला आणि म्हणाला, "अक्का, पाठीला मुरूम कुटं लागला गं?" खाकी कापडावर मधोमध तांबडा मुरूम होता, पाचही बोटांसकट. आमच्या मैदानावर असतो तसला.

मायाक्काने हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. "ऊन लागलं असेल. त्रेचाळीस अंशांत मला प्राचार्यसुद्धा दयाळू दिसतात."

ती हसली नाही. "हृषा, भर उन्हात ती थाप गार हुती."

अर्ज तिने भरला. पासही झाली.

मग ऑगस्ट आला. मी त्याच कॉलेजात कारकून, त्यामुळे पत्र मलाच टाइप करावं लागलं: महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कोच मिळाला नाही तर मुलींचा संघ बंद. मी मायाक्काला कोच होशील का विचारलं. डोळे चमकले तिचे. "लई मन हाय रं. पण खो यायला पायजे की."

दोन रविवार ती मैदानावर येऊन चौकोनात बसली. खो आला नाही. घरी जायला उठायची, ते ती मोजत नव्हती.

तिसऱ्या, शेवटच्या रविवारी दुपारी आभाळ भरलेलं, वारा पडलेला. कावळेसुद्धा गप्प. भिंतीशी आठ मुली, मधे पाठमोरी मायाक्का. तिच्या मागच्या मोकळ्या मैदानाकडे मी बघत होतो आणि आपण काय बघतोय हे मलाच कळत नव्हतं. अर्धा तास गेला. मुली बॅगा उचलू लागल्या.

श्रावणी नावाची बारकी पोर पुढे आली. "ताई, संघ नसला तर उद्यापासून घरचे म्हणतील, कॉलेज सुटलं की सरळ घरी ये. माझं स्थळ बघतायत."

मायाक्काने तिच्याकडे पाहिलं. आणि ती उठली. कुणी खो दिला नव्हता; मी साक्षीला होतो. साधा, सरळ फाऊल.

"बसा गं," ती म्हणाली. आठ जणी रांगेत बसल्या. मायाक्का मागून श्रावणीच्या पाठीकडे निघाली. अजून तीन पावलं लांब होती, हातही उचलला नव्हता, आणि श्रावणी उसळून उठली.

"किती जोरात मारता हो, ताई!" ती कळवळून मागे वळली.

तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर तांबडी पाच बोटं उमटली होती. मायाक्काने आपले तळवे पाहिले. स्वच्छ होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोवर खांबाला पाठ घट्ट चिकटवून उभा होतो. मोकळी ठेवायची हिंमत नव्हती. मायाक्काच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. थाप या वेळी तिच्या पाठीवर पडली नव्हती, ते थोडं दुखलंही असावं. मग तिने तिकिटासाठी एकदाच लावायचा तो आवाज काढला.

"श्रावणी, परत बस! मागं वळलीस, फाऊल झाला. कुणी दिला ते बघायचं न्हाय. पळायचं!"