साडूभाऊंचा ट्राऊट

अख्ख्या अमिरातींत वसंत ऋतू येतो असं मानणारा एकच माणूस होता, आणि सासुरवाडीने तो नेमका मला साडू म्हणून दिला. बाकी आम्ही सगळे दोनच ऋतू जाणतो: एक एसी लागतो तो, आणि दुसरा एसी लागत नाही असं म्हणत आपण लावतो तो. साडूभाऊंना मात्र मार्च उजाडला की अजमानच्या सातव्या मजल्यावर, समोर पार्किंग आणि मागेही पार्किंग असताना, कुठल्या तरी डोंगरात बर्फ वितळल्याचा आवाज यायचा. "आता वर ओढ्यांना पाणी सुटलं असेल," असं ते चहाच्या कपात बघत म्हणायचे. वर म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ट्राऊट सुरू व्हायचा.

ट्राऊट हा थंड, गोड्या, वाहत्या पाण्यातला मासा. म्हणजे आम्ही जिथे राहतो तिथे जे जे नाही, ते सगळं त्याला लागतं. साडूभाऊंना त्याची दीक्षा दिली त्यांच्या स्कॉटिश साहेबाने. साडूभाऊ हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांवर लेप चढवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्त होताना साहेबाने इतरांना पेनं वाटली आणि यांना आपली मासेमारीची काठी दिली. तेव्हापासून दर एप्रिलला साडूभाऊ चार दिवस जॉर्जियाला जायचे, तिथल्या जंगलातल्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि परत आल्यावर उरलेलं वर्षभर आम्हाला पाण्यात उभं करायचे.

यातली खरी गंमत अशी की साडूभाऊ शुद्ध शाकाहारी. घरात अंडंसुद्धा येत नसे. पकडलेला मासा ते ओल्या हाताने धरून, त्याची विचारपूस करून, परत सोडून द्यायचे. अजमानच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गळ टाकून बसणाऱ्या एका रत्नागिरीकर क्रेन ऑपरेटरने त्यांना एकदा विचारलं होतं, "सायेब, खायाचा नाय तर धरायचा कशाला?" साडूभाऊंनी त्याला अर्धा तास इंग्रजीत उत्तर दिलं. तेवढ्या वेळात त्याने चार मासे धरले. समोर एवढा समुद्र असून त्यात साडूभाऊंनी कधी गळ टाकला नाही. "समुद्रातला मासा म्हणजे मास प्रॉडक्शन हो साडूभाऊ. ट्राऊट इज अ कस्टम जॉब," हे त्यावरचं त्यांचं मत.

ट्राऊटला आमिष म्हणून गांडूळ चालत नाही, किंवा निदान साडूभाऊंच्या प्रतिष्ठेला चालत नाही. गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी माशी करावी लागते. त्यासाठी रोल्ला बाजारातल्या पक्ष्यांच्या दुकानात जाऊन ते पोपट न घेता पोपटाखाली पडलेली पिसं मागायचे. माझ्या लग्नातल्या फेट्याची जरतार अशाच एका माशीच्या पोटात गेली. त्यांच्या लेकीने ती माशी बघून सांगितलं, "बाबा, इट लुक्स ऑलरेडी डेड." मग ही माशी नेमकी जागी टाकण्याचा सराव बिल्डिंगच्या गच्चीवर. पाण्याच्या टाकीसमोर स्टीलचं ताट ठेवून ते वीस पावलांवरून त्यात माशी उतरवायचे. एकदा वाऱ्याने माशी भलतीकडे गेली आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा पलंगपोस दोरीवरून सुटून यांच्या गळाला लागला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस: गच्चीवर मासे पकडण्यास सक्त मनाई आहे. दुसरा कोणी असता तर महिनाभर जिन्याने गेला असता. साडूभाऊंनी त्या नोटिशीशेजारी उभं राहून फोटो काढला.

तर गेल्या वर्षी त्यांनी मला बरोबर चला म्हटलं. म्हटलं म्हणजे तिकीट काढून मग कळवलं. "यल्ला, चला साडूभाऊ, यंदा तुम्ही असिस्टंट." मी येतो म्हणालो, कारण बायकोने तिच्या बहिणीशी फोनवर बोलून आधीच माझा होकार दिला होता.

ओढा सुंदर होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. उंच झाडांना नुकती पोपटी पालवी फुटलेली, खाली रानलसणाचा वास, आणि दगडादगडांतून पाणी असं स्वच्छ की तळाचं वाळकं पानन् पान मोजून घ्यावं. पहिल्या दिवशी साडूभाऊंनी तीन झाडं, एक झुडूप आणि माझी टोपी पकडली. मासा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त टोपी मी काढून ठेवली होती. शिवाय प्रत्येक माशी दोरीला बांधायचं काम माझं. "शिका, शिका, किती दिवस मी बांधून देणार," असं म्हणत ते सगळं माझ्या हातात ठेवायचे आणि स्वतः जहागीरदारासारखे दगडावर बसायचे. बोटांना गळ टोचून टोचून माझ्या सहनशक्तीचा लेप उडत चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर, मोठ्या दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून एक ट्राऊट उभा होता. मला, मला दिसला. साडूभाऊ वाकून वाकून त्याच्या भलत्याच बाजूला माशी टाकत होते. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. मी माझ्या नेहमीच्या सुरात म्हणालो, "साडूभाऊ, मासा बिचारा हजेरी लावून उभा आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी दोरी गुंडाळली आणि ते हळूच काठावर बसले.

"नाही दिसत," ते म्हणाले.

मग पाण्याकडे बघत त्यांनी सांगितलं. साखर डोळ्यांच्या पडद्यावर उतरली होती. कडेचं दिसत होतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं व्हायचं. इंजेक्शनं चालू होती, पण गेलेलं परत येईल असं डॉक्टर म्हणत नव्हते. फेब्रुवारीत एका पाइपवरचा ओरखडा त्यांच्याकडून सुटला. कुणाच्या लक्षात आला नाही, यांनीच तो दुसऱ्या दिवशी हाताने चाचपून शोधला आणि त्याच दिवशी राजीनामा लिहिला. जूनमध्ये पुण्याला कायमचं परत. ताईंना, म्हणजे बायकोच्या बहिणीला, ठाऊक होतं. लेकीला परीक्षेनंतर सांगणार होते.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही विनोद केला असता," ते म्हणाले, "आणि मला हसावं लागलं असतं."

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "उठा. तो अजून तिथेच आहे. तुमच्या उजव्या हाताला, दगडापासून वीतभर अलीकडे."

पहिली माशी लांब पडली. मी सांगितलं, हातभर कमी. दुसरी जवळ पडली, पण पाण्याने ओढून नेली. तिसरी दगडाच्या कडेवरून घसरून अलगद पाण्यात उतरली. मी 'आता लागला' असं म्हणणार होतो, पण त्यांचं मनगट माझ्या आधी उठलं होतं. काठी वाकली. काठी वाकल्यावर साडूभाऊंचा चेहरा कसा होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. दरवर्षी एप्रिलात हा माणूस जॉर्जियाला का जायचा, याचं उत्तर त्या क्रेन ऑपरेटरला मी आता दोन मिनिटांत मराठीत दिलं असतं.

हात भिजवून त्यांनी मासा पाण्यातच धरला. वीतभर असेल. "रिपोर्ट द्या," ते म्हणाले.

मी खाली वाकलो. पाठ शेवाळी, म्हटलं. पोट हळदीसारखं. अंगावर काळे ठिपके, आणि मधूनमधून लाल.

"लाल ठिपक्यांभोवती कडं आहे?"

"आहे. फिकट निळं."

"किती?"

मी एका बाजूचे मोजले. अकरा. पुन्हा मोजले, कारण चुकीचा आकडा सांगायचा नव्हता. साडूभाऊ माशाकडे नाही, जरा बाजूला बघत होते. तसं पाहिलं तरच त्यांना कडेने थोडं दिसत होतं. मग त्यांनी बोटं सैल केली. मासा क्षणभर त्यांच्या तळव्यावर तसाच थांबला आणि गेला. "गेला ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

ते पुण्याला गेले त्याला येत्या जूनमध्ये वर्ष होईल. इंजेक्शनांनी मोठी अक्षरं वाचता येतात म्हणतात. ताई म्हणतात, तेवढंही खरं नाही. परवा फोनवर मी त्यांना एप्रिलची रजा टाकल्याचं सांगितलं. डॉक्टर प्रवासाला हो म्हणतील का, ते ठरायचं होतं. "इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि या देशात या शब्दाचा अर्थ बहुधा नाही असा होतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बायकोने विचारलं, तुम्हाला कधीपासून मासे पकडता यायला लागले? मला येत नाहीत. मी फक्त मासा कुठे उभा आहे ते सांगतो.