चिंगीचे दात आणि शेजारची कवळी

चिंगी, आमची छोटी कुत्री. तिचे दात साफ करायला डॉक्टरांनी तिला भूल दिली होती. दवाखान्यात माझ्या शेजारी शेळी घेऊन आलेले सिल्लोडचे एक आजोबा बसले होते.

“दात घासायला भूल? लई लाड!” म्हणत त्यांनी स्वतःची कवळी काढली, उपरण्यानं पुसली आणि परत बसवली. “आमचं जागेपणीच होतंय.”

काम उरकून डॉक्टरांनी चिंगीला माझ्या मांडीवर ठेवलं. “येईल दहा मिनिटांत शुद्धीवर.” पंचवीस मिनिटं झाली, तरी ती हलेना. मी तिला हलवून पाहिलं.

आजोबांनी तंबाखूच्या वासाची ती कवळी पुन्हा काढून तिच्या नाकाशी धरली. चिंगीनं एक डोळा उघडला आणि ती पांढरेशुभ्र दात दाखवत गुरगुरली.

“व्हय, चकाकतात की!” आजोबा बोळक्या तोंडानं हसले आणि त्यांनी कवळी घाईघाईनं खिशात टाकली.