दयाराम टेलरचं लेबल

हरिदासभाऊंच्या हातचं पाणी घ्यायला आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक अजूनही बिचकतात. सरकारी दवाखान्याच्या चीरघरात, जिथे शवविच्छेदन होतं तिथे, त्यांनी सव्वीस वर्षं काढली आहेत. खोटं कशाला लिहू, पूजेआधी ते समोर दिसले की मीही आत वळायची.

मंगळवारी तेच दारात उभे. "जयभीम ताई. शेवंतावहिनीसंगं कोणी बाईमाणूस पाहिजे. चला तुम्ही."

शेवंता मागच्या गल्लीतली, दयाराम टेलरची बायको. दयाराम सोळा दिवसांपासून बेपत्ता होता. त्या सकाळी खारून नदीत एक प्रेत सापडलं. चेहरा राहिलाच नव्हता, पण अंगातल्या चौकड्याच्या शर्टाच्या कॉलरला लेबल होतं, 'दयाराम टेलर्स, गोल बाजार'. पोलिसांनी तेच नाव लावून घरी निरोप धाडला. आम्ही पोचलो तर नणंद बांगड्या फोडायच्या तयारीत बसलेली, आणि शेवंता दोन्ही हात पदरात लपवून भिंतीला टेकलेली.

"पाहिल्याशिवाय हात नाही लावू देणार मी," एवढंच ती म्हणत होती.

चीरघराबाहेर आम्हाला बाकावर बसवून हरिदासभाऊ म्हणाले, "पोलिसाले म्हटलं मी, साहेब, हे लेबल तं माह्या शर्टाले बी हाये. मंग मी मेलो का?"

शेवंताला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. ते खाली उकिडवे बसले. "वहिनी, एक सांगा. भाऊ दोरा कशानं तोडते?"

"दातानं. कात्री काहून घेत नाही म्हणून जनम गेला माहा बोलण्यात."

"किती वर्सं?"

"चाळीस तरी."

ते उठून आत गेले. मी मनात नामस्मरण सुरू केलं, पण कोणासाठी काय मागावं तेच सुचेना.

बऱ्याच वेळाने डॉक्टर अपर्णा बाहेर आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. शेवंताशेजारी बसून सावकाश म्हणाल्या, "मावशी, हे तुमचे मिस्टर नाहीत."

वर्षानुवर्षं दोरा तोडणाऱ्याच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडते, सुई धरायची सवय असेल तरी पडते. या दातांच्या कडा अगदी कोऱ्या होत्या. "हरिदासभाऊंनी आधी दात बघायला लावले. मग मी गळ्याखालचं हाड पाहिलं. त्याचं छातीकडचं टोक अजून जुळलेलंच नाही. हा मुलगा विशी-बाविशीचा आहे." दयाराम अठ्ठावन्नचा.

चेहरा जातो, नाव जातं, तरी माणसाने जन्मभर काय केलं ते देव दातावर कोरून ठेवतो, आणि ते वाचणाराही पाठवतो! पुढे असंही कळलं की त्या मुलाच्या हाडातल्या मज्जेत नदीचं सूक्ष्म शेवाळ सापडलं. म्हणजे पाण्यात पडला तेव्हा श्वास चालू होता. मारून टाकलेला नव्हता, बुडाला होता.

तिथे बाकावरच शेवंताने विचारलं, "भाऊ, मंग माहा माणूस जित्ता हाये?"

हरिदासभाऊंनी मान हलवली. "ते मले नाही माहीत, वहिनी. हा तो नोहे, एवढंच सांगतो."

त्या चौकड्याच्या शर्टावरून तिनेच दुकानातली मापाची वही काढली. पानापानाला कापडाचा तुकडा टाचलेला. जुळणारा तुकडा सापडला, त्याखाली तेलीबांध्याचा पत्ता होता. त्या मुलाचे वडील आले तेव्हा हरिदासभाऊंनी त्याला स्वच्छ धुऊन, पांढऱ्या कपड्यात नीट बांधून ठेवलं होतं. एका बापाला दुसऱ्याच्या नावाने जळणारं पोर परत मिळालं. नंतर हरिदासभाऊ माझ्या घरी आले तेव्हा मी पाण्याबरोबर चहाही दिला, आणि मीही त्यांच्यासोबत बसून घेतला.

काल शेवंतासोबत ठाण्यात गेले, बेपत्ताची तक्रार दुरुस्त करायला. तक्रारी लिहिणारा मुन्शी न बघताच म्हणाला, "कपड़े का रंग बताइए, दीदी."

"कपड़े का क्या भरोसा, भैया?" शेवंता म्हणाली. बांगड्यांचा हात तिने टेबलावर ठेवला. "दाँत लिखो. सामने का, ऊपर वाला. धागे का निशान है उसमें."

"ऐसा कौन लिखवाता है?"

"मी लिहवते. लिखो."

त्याने लिहिलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं, मगच आधीच्या तक्रारीवर घेतलेल्या आपल्या अंगठ्याशेजारी सही केली.