गणूदादाच्या चार वह्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगताना आवाज चढला, तर तो राग माझ्यावरच आहे असं समजा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. रोझ बेलच्या साखर कारखान्यात गणूदादा कारकून होते. बायको फ्रान्सला नोकरीसाठी गेली ती परतली नाही. पन्नाशीचा एकटा माणूस. एका रविवारी ते क्युरपिपला माझ्या घरी आले, भिजलेल्या कोटाच्या आतून चार कोरड्या वह्या काढल्या. कादंबरी लिहिली होती. मराठीत — हिंदी महासागरातल्या आपल्या या बेटावर, मराठीत.

मी वाचली. कसं सांगू? नायक एकटाच, पण ते पाववाल्याला कळू नये म्हणून रोज दोन पाव घेतो. दुसरा पाव कुत्र्याला. कुत्रा खाऊन खाऊन माजतो आणि शेजाऱ्याकडे राहायला जातो. 'देश स्वतंत्र झाला, कुत्राही झाला, मीच तेवढा राहिलो.' मी पोट धरून हसलो. मग एकदम हसू थांबलं. पुण्याला शिकून आलो होतो मी, इथल्या मराठी मंडळात माझा मान होता — आणि माझ्या हातून असं एक पान तरी उतरलं होतं का?

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "दादा, खरं सांगू? हसू येत नाही. आणि भाषा अगदीच गावठी आहे."

त्यांनी वह्या उचलून पुन्हा कोटाच्या आत ठेवल्या. मग म्हणाले, "तू शिकलेला हायस, मास्तर. तुला कळतंय."

का विश्वास ठेवला त्यांनी? या प्रश्नानेही मी चिडतो — म्हणजे बघा, अजून दोष त्यांच्यावरच ढकलतोय. नीच.

महिन्याभराने भेटले तेव्हा मी वह्यांचं विचारलं.

"चूल पेटवली," ते म्हणाले. "लाकडं वली होती. चहा बरा झाला."

मी हसलो. त्यावरही हसलो.

सहा वर्षांनी ते गेले. मंडळाच्या शोकसभेत मीच बोललो — साधा माणूस, सरळ माणूस, असलं काहीबाही. खाली उतरलो तर फ्रान्सहून आलेली त्यांची बायको समोर उभी. तिने हळूच विचारलं, "ते काही लिहायचे का हो? पत्रांत फार हसवायचे मला."

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."